दाखला

डिचोलीच्या मामलेदार कचेरीत
खिडकी क्रमांक तीन माझी.
एकोणीस वर्षं मी लोकांचं उत्पन्न टाइप करते आहे.
आधी अंकी, मग अक्षरी, शेवटी "फक्त".
त्या "फक्त"कडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

निकाल लागले की रांग जिन्यापर्यंत जाते.
तीन ट्रकांचा मालक बाबुसो
वर्षाला दीड लाख सांगतो,
बोलता बोलता गाडीची किल्ली बोटात फिरवतो.
मी काही विचारत नाही. शपथपत्र आहे, तिकीट लावलंय,
चहा यायच्या आत त्याचा दाखला तयार असतो.

यंदा त्या गठ्ठ्यात मयुजाचा अर्ज आहे.
उत्तरेकडच्या कुठल्याशा युनिव्हर्सिटीनं तिला घेतलंय,
जिथे हिरवळीवर बसून वर्ग भरतात म्हणे
आणि वर्षाला बारा लाख चाळीस हजार लागतात,
राहणं-जेवणं धरून.
पत्रात लिहिलंय,
पैशांअभावी कुणी मागे राहू नये अशी आमची इच्छा आहे.
इच्छा.
आमच्या कागदांत हा शब्द नसतो.

मदतीचा अर्ज त्रेचाळीस रकान्यांचा.
घर? आहे, अजून नऊ वर्षं बँकेचं.
वाहन? उल्हासची मारुती, हॉर्न तेवढा नवा.
सोनं?
इथे मी पेन ठेवलं आणि कुकर बघून आले.
जमीन?
उल्हासनं एक-चौदाचा उतारा काढून आणला.
सावईवेऱ्याचं कुळागर, नावं तेवीस,
नऊ वारलेले, दोघे लिस्बनला,
अठराव्या ओळीत त्याचे वडील.
आमच्या वाट्याला येतो वर्षाला एक केळीचा घड,
पन्नासेक नारळ, पिशवीभर सुपारी
आणि चुलतभावाची तक्रार, की तुम्ही शिंपण्याला येत नाही.
युनिव्हर्सिटीच्या हिशेबात त्याचे पस्तीस लाख झाले.
"बघ," उल्हास म्हणाला, "आपण गिरेस्त!"
खूप हसला. मग उठून
आधीच बंद असलेला नळ घट्ट केला.

मदत आली, चाळीस टक्के.
शेजारच्या सुलक्षाताई पेढे घेऊन आल्या.
उरले सात लाख चव्वेचाळीस हजार,
आणि असं चार वेळा.
मी ते कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीनं लिहिलं,
पेनानं लिहायला धजले नाही.

कर्जाच्या व्याजात सवलत मिळते,
घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर.
माझा पगार, शिवाय खाण बंद पडल्यापासून
उल्हास ज्या हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहितो तिथले,
सगळं मिळून आठ लाख अकरा हजार दोनशे.
महागाई भत्त्याची थकबाकी आली होती मार्चमध्ये,
अकरा हजार सहाशे.
त्यातून मिक्सर घेतला. खोबरं छान वाटतो.

स्वतःच्या घरचा कागद स्वतः करायचा नसतो,
म्हणून मी खिडकी चारसमोर उभी राहिले, रांगेत,
माझ्यापुढे बाबुसोचा पुतण्या.
आग्नेलनं कागद पाहिला, मग मला पाहिलं.
"मॅडम, मार्चचं विसरूया? कुणाच्या लक्षात राहतं?"
हळू म्हणाला, तरी मागच्या बाईनं ऐकलं,
निदान मला तसं वाटलं.
मी एकोणीस वर्षं लोकांच्या विसरण्यावर शिक्के मारलेत.
"टाइप कर," म्हटलं, "आहे ते."
हे प्रामाणिकपणाचं नव्हतं,
मला तो आकडा एकदा
दुसऱ्याच्या हातानं लिहिलेला बघायचा होता.
आग्नेलची बोटं अक्षरीपर्यंत भराभर गेली,
"फक्त"पाशी थांबली,
मग एकेक अक्षर दाबत पुढे सरकली.

दुपारी मयुजाचा फोन.
"आई, तिकडे डिसेंबरात चार डिग्री असतं.
किती स्वेटर लागतील गं?"
आमच्या घरात एकही स्वेटर नाही.
"दोन," मी म्हटलं.
"दोन फक्त."
आणि पुढचा नंबर पुकारला.